बारा मोटांचे पाणी

सातारा तालुक्यातील लिंब गावची बारा मोटांची विहीर आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. सुटीच्या दिवशी तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. तरुण मुले जिन्यावर उभी राहून छायाचित्रे काढतात, आणि विहिरीच्या पोटात चक्क एक महाल आहे हे पाहून माणसे थक्क होतात. वास्तू आहेही तशीच. पण या विहिरीवर जे काही लिहिले-बोलले जाते त्यात एक वाक्य नेहमी येते आणि तिथेच थांबते : आसपासच्या आमराईला पाणी देण्यासाठी ही विहीर बांधली. ती आमराई केवढी होती, तिला बारा मोटांचे पाणी खरोखरच लागत होते का, आणि विहीर शाबूत असताना आमराई कुठे गेली, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेख या प्रश्नांच्या मागे लागून झालेल्या एका भटकंतीतून निघाला आहे.

मी इतिहासाची रीतसर विद्यार्थिनी नव्हे. नोकरीची सारी वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. रियासतीचे खंड, गॅझेटिअर, छापील दप्तरे ही वाचनाची सवय संध्याकाळची. गेल्या माघात पाठीवर एका माणसाचा तंबू, मोजपट्टी, होकायंत्र आणि दोन वह्या घेऊन कृष्णेच्या काठाने एकटीच निघाले : मेणवली, लिंब, किर्लोस्करवाडी आणि सांगली. तंबू नेला तो केवळ हौसेखातर नव्हे. मुक्कामाला शहरात गेले की वास्तू पाहायची ती दहा ते पाच या वेळातच. बाग मात्र पहाटेची आणि तिन्हीसांजेची गोष्ट आहे. पाणी कधी धरतात, उतार कुणीकडे आहे, गारवा कुठे साचतो, हे जमिनीवर झोपल्याशिवाय नीट कळत नाही. जिथे तंबू ठोकला तिथे आधी जमिनीच्या मालकाला विचारले आणि जाळ केला नाही, एवढे दोन नियम पाळले. जुन्या वास्तूच्या आवारात मुक्काम केला नाही.

पुढचा क्रम प्रवासाचा नाही, प्रश्नाचा आहे. म्हणून सुरुवात लिंबपासून.

विरूबाई आणि शके १६४१

विहीर बांधली ती विरूबाई भोसले यांनी. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, असा सांगितला जातो. विरूबाई या थोरल्या शाहू महाराजांच्या. शाहू मोगलांच्या छावणीत कैदेत असतानाच त्या त्यांच्या आयुष्यात आल्या. राण्यांच्या यादीत त्यांचे नाव विवाहाने बसत नाही. तरी महाराजांच्या घरात त्यांचा शब्द मोठा होता, हे रियासतकार सरदेसायांनी नोंदवून ठेवले आहे. अक्कलकोटच्या गादीचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले यांना त्यांनीच मुलासारखे वाढवले. १७४० मध्ये त्यांचे निधन झाले.

शके १६४१ हे वर्ष सहज आलेले नाही. १७१९ च्या उन्हाळ्यात बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. महाराजांच्या मातोश्री येसूबाईही त्याच वेळी जवळजवळ तीस वर्षांच्या कैदेतून सुटून आल्या. बारा वर्षे घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंशी झगडून साताऱ्याच्या गादीला प्रथमच थोडी निश्चिंती लाभली होती. ज्याला उद्याची खात्री नाही तो आंबा लावत नाही. त्या काळी देशावर आंबा म्हणजे प्रायः रायवळ, कोयीपासून वाढवलेला. त्याला फळ धरायला सात-आठ वर्षे तरी जातात. १७२४ मध्ये विहीर पुरी झाली असे धरले, तर बागेची पहिली खरी पाडी १७३० नंतरची. लावणाऱ्या बाईंना ती जेमतेम दहा मोसम चाखायला मिळाली असेल. सातारच्या गादीचे भवितव्य लोकांना कसे दिसत होते, याचा एक पुरावा सनदांत आहे, आणि दुसरा या खोदकामात आहे, असे मला वाटते.

विहिरीची रचना

विहीर वरून पाहिली तर शिवपिंडीसारखी दिसते. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लांबट उपविहीर, आणि दोहोंच्या मध्ये पुलासारखा उभा महाल. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट, असे आकडे दिले जातात. रुंद दगडी जिन्याने कमानीखालून उतरत गेले की आपण महालाच्या पायथ्याशी येतो. भिंतींवर शरभ आहेत, व्याघ्रशिल्पे आहेत. महालाच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार आणि फुले कोरलेली आहेत. वर काठाला मोटा लावण्याच्या जागा. त्या पंधरा असल्या तरी एका वेळी बारा मोटा चालत, असे गावात सांगतात, आणि विहिरीचे नाव त्यावरून पडले.

आता मोट म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे, कारण चाळिशीच्या आतल्या बहुतेक वाचकांनी ती चालताना पाहिलेली नसणार. मोट ही चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड असलेली. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, बारीक सोंदूर सोंडेला. विहिरीच्या काठापासून दूर उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैलजोडी धावेवरून खाली गेली की भरलेली मोट वर येते. काठाशी सोंड आपोआप खाली होऊन पाणी थारोळ्यात पडते, आणि थारोळ्यातून पाटाला लागते. बैल मग मागल्या पावली धाव चढून येतात आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात जाते.

लिंबला ज्या शेताच्या बांधावर मी तंबू ठोकला, त्या शिवारातले एक ऐंशी ओलांडलेले बाबा संध्याकाळी काठी टेकत आले. "एकट्याच आलाय व्हय ताई? भ्या न्हाई वाटत?" अशी चौकशी झाली, चहा झाला, आणि मग मी मोटेचा विषय काढला. तरुणपणी त्यांनी घरच्या विहिरीवर मोट हाकली होती. पहाटे तांबडं फुटायच्या आत जुंपायची, ऊन तापलं की सोडायची, आणि उतरत्या उन्हाला परत थोडा वेळ, हा त्यांचा नेम. "बैलाला फुडं हाकायला कुणालाबी येतंय," ते म्हणाले, "मागल्या पावली आणणं हीच खरी कला." हे वाक्य मी वहीत तसेच उतरवून घेतले. ज्या माणसाने बैल मागे आणले आहेत त्यालाच ते सुचणार.

हिशेबाचा ताळा

लिंबच्या आमराईत तीनशे झाडे होती असे परंपरेने सांगतात. जन्मभर आकडे लिहिल्यामुळे मला दोन आकडे शेजारी दिसले की ताळा पाहण्याची खोड आहे. बारा मोटा आणि तीनशे झाडे, हे एकमेकांना जुळतात का?

मोठ्या मोटेत दीडशे लिटर पाणी धरू. विहीर खोल, म्हणून एका खेपेला दोन मिनिटे धरू. म्हणजे तासाला ३० खेपा आणि ४,५०० लिटर पाणी. बारा मोटा एकदम चालल्या तर तासाला ५४,००० लिटर. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास चालल्या तर दिवसाचे ३,२४,००० लिटर. तीनशे झाडांना ते वाटले तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला रोज १,०८० लिटर येते.

कोणत्याही माळकऱ्याला विचारा, तो हसेल. आंब्याला एवढे पाणी देणे म्हणजे झाडाची मुळे कुजवणे. कोवळ्या रोपाला चार-आठ दिवसांनी घागर-दोन घागरी पुरतात, आणि मुळे खोल गेलेले मोठे झाड देशावरच्या चांगल्या जमिनीत पाण्यावाचूनही उभे राहते. शिवाय मोहोर येण्याआधी त्याला पाण्याचा ताणच हवा असतो. तेव्हा तीनशे आंब्यांसाठी बारा मोटा हा हिशेब सरळ मांडला तर चुकतो.

पण झाडांऐवजी जमीन मोजली की चित्र पालटते. जुनी आमराई लावताना दोन झाडांत चाळीस फूट अंतर ठेवले असे धरले, तर एकरी २७ झाडे बसतात. तीनशे झाडांना सुमारे ११ एकर जमीन लागते. दिवसाचे ३,२४,००० लिटर पाणी दोन इंच खोल पसरले तर सुमारे १.६ एकर भिजते. म्हणजे ११ एकर भिजवायला सात दिवस. सात दिवसांची पाळी! भाजीपाला, फुलझाडे, केळी अशा बागायतीला जी पाळी लागते ती नेमकी हीच.

यातले दीडशे लिटर, दोन मिनिटे, सहा तास हे आकडे माझे आहेत. विहिरीच्या झऱ्यांनी एवढे पाणी रोज भरून दिले पाहिजे हेही यात गृहीत आहे. कोणी ते थोडे मागेपुढे करावेत. पाळी सहा दिवसांची होईल किंवा नऊ दिवसांची. निष्कर्ष मात्र फारसा हलत नाही. विहीर झाडांच्या बुंध्यांसाठी नव्हती, झाडांमधल्या जमिनीसाठी होती. आंबा लहान असतो तेव्हा दोन झाडांमधली चाळीस फुटांची जागा रिकामी असते, आणि शहाणा शेतकरी ती रिकामी ठेवत नाही. पहिली आठ-दहा वर्षे ज्याला आपण आमराई म्हणतो तो प्रत्यक्षात एक मोठा मळा असला पाहिजे, रोज पीक आणि उत्पन्न देणारा. आंब्याची सावली वाढत गेली तशी मळ्याची जागा आक्रसली असेल, आणि पाणी शेजारच्या शिवारात सरकले असेल. लिंबच्या बागेकडे केवळ राजघराण्याची हौस म्हणून पाहता येत नाही, ते या हिशेबामुळे.

आणखी एक मोजणी. बारा मोटा म्हणजे एका वेळी चोवीस बैल. दिवसातून दोनदा जुंपायचे तर पालटी धरून त्याहून जास्त. त्यांचा कडबा, त्यांचे गोठे. बारा मोटकरी. पाटावर दारे धरणारे निराळे. चामड्याच्या मोटा शिवणारे आणि सांधणारे चांभार, नाडा आणि सोंदूर वळणारे मांग, चाक आणि कणा घडवणारे सुतार, दगड फोडणारे पाथरवट. विरूबाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि ते ठाऊक असायलाच हवे. पण बाग रोज उभी राहत होती ती या चाळीस-पन्नास माणसांच्या अंगमेहनतीवर. महालाच्या खांबांवर हत्ती-घोडे आहेत. मोट हाकणारा शिल्पांत नसला तरी विहिरीच्या नावात तोच आहे. लोकांनी या वास्तूला राणीची विहीर किंवा महालाची विहीर म्हटले नाही. बारा मोटांची म्हटले.

महाल पाण्यात का

महालात गुप्त मसलती होत असत, अशी एक हकिगत सर्वत्र सांगतात. होतही असतील. पण एक साधे कारण जागेवर दुपारभर बसले की कळते. माघातसुद्धा वर ऊन चटका देत होते आणि महालात बसल्यावर अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती. चैत्र-वैशाखात तर हा फरक केवढा असेल! आणि चैत्र-वैशाख हाच आंब्याचा मोसम. राजघराण्यातील माणसे बागेत यायची ती ऐन उन्हाळ्यात, पाड लागला की. अशा वेळी बागेतले घर जमिनीवर बांधण्यापेक्षा पाण्यावर बांधणे अधिक शहाणपणाचे. वर बारा चाकांचा करकराट, थारोळ्यात पडणारे पाणी, मोटकऱ्यांची गाणी, आणि खाली गारव्यात बैठक. विहीर आणि महाल या दोन निराळ्या वास्तू मानल्या की महाल हे एक गूढ वाटते. बागेचा एक भाग मानले की गूढ उरत नाही.

रात्री गाड्या गेल्यावर मी बांधावर पडून होते. चहूकडे ऊस. दूर कुणाच्या तरी मोटरीचा एकसुरी आवाज. आंब्याचा मोहोर कुठून तरी वासाला येत होता, पण तो एखाद्-दुसऱ्या झाडाचा. जमिनीचा उतार कृष्णेकडे आहे हे पायांना कळते. पाट त्याच दिशेने उतरत गेले असणार. ते कोणत्या बांधांवरून गेले हे आज विहिरीजवळ उभे राहून सांगता येत नाही. दगड तीनशे वर्षे टिकला, आणि ज्यासाठी तो रचला ती गोष्ट उसात बुडाली.

मेणवली : नदीकाठचा वाडा

लिंबशी ताडून पाहण्यासाठी मेणवली उपयोगी पडते. वाईजवळच्या या गावी नाना फडणिसांचा वाडा आणि घाट आहे. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नानांना दिले. नानांनी तिथे तटबंदीचा सहा चौकांचा वाडा उभा केला, मागे कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट बांधला, काठावर मेणेश्वर आणि विष्णू यांची मंदिरे उभारली. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे. 'स्वदेश' चित्रपटामुळे हा घाट देशभर पोहोचला.

मेणवलीला पाणी उचलावे लागत नाही, ते पायाशी आहे. घाट माणसाला पाण्याकडे नेतो. मोट पाण्याला माणसाकडे आणते. म्हणून मेणवली स्नान, पूजा, विसावा यांची जागा झाली आणि लिंब उत्पन्नाची. दोन्ही जागी बायकांचे मोठे ऋण आहे. १८०० मध्ये नाना वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अगदीच लहान वयाच्या होत्या. पुढे धावपळीची काही वर्षे काढून त्या मेणवलीलाच राहिल्या, आणि वाड्याला घरपण राहिले. नानांचे कागद ज्याला आपण मेणवली दप्तर म्हणतो, त्याचा वापर मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक शंभर वर्षे करत आले आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जो कागदपत्रांचा आणि चित्रांचा संग्रह उभा केला, तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागदाला कपाट मिळाले, घाटाला प्रवासी मिळाले. बागेला दोन्हींपैकी काही मिळत नाही. तिला रोज कोणीतरी पाणी घालावे लागते.

किर्लोस्करवाडी : मोट थांबवणारे गाव

मग पाणी घालणारे हात थांबले कधी? याचे उत्तर शोधायला मी कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्यात उतरले.

१९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. मेणवली नानांना देणारे जे प्रतिनिधी घराणे, त्याच घराण्याने १४२ वर्षांनी कृष्णेच्या खोऱ्यात हे दुसरे दान केले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिले एका मुत्सद्द्याला, दुसरे एका कारखानदाराला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहिला, आखीव रस्त्यांचे गाव वसले, झाडे लागली. साहित्याच्या वाचकांना ही वाडी 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांमुळे जवळची आहे. पण शेतकऱ्याला ती लोखंडी नांगरामुळे माहीत झाली, आणि पुढे पंपांमुळे.

हे पंप, आणि स्वातंत्र्यानंतर गावोगाव आलेली तेलाची इंजिने व विजेच्या मोटरी, यांनी मोट थांबवली. ज्या बाबांशी लिंबला बोलले त्यांच्या घरची मोट इंजिन आले त्याच साली अडगळीत गेली. त्यांना त्याची हळहळ नव्हती. "बैल सुटलं आन् आमीबी सुटलो," असे ते म्हणाले. मोटेविषयी हळवे लिहिणाऱ्यांनी, त्यात मीही आले, हे ध्यानात ठेवावे. पहाटेपासून मागल्या पावली बैल आणणाऱ्याला इंजिनाने खरोखर मोकळे केले. पण त्याबरोबर एक गोष्ट झाली. मोट होती तोवर पाणी विहिरीच्या काठापासून उताराने जाई तिथवरच पोहोचत असे, म्हणून बाग विहिरीला चिकटून असे. पंपाने आणि पाइपाने पाणी कुठेही, चढावरही नेता येऊ लागले. सत्तरच्या दशकात वाईच्या वर धोम धरण झाले आणि कालव्याचे पाणी शिवारात आले. विहिरीभोवतीच बाग हवी, हे बंधन संपले. बंधन संपले तशी विहिरीची गरज संपली, आणि विहीर पाहण्याची वस्तू झाली. ऊस आला तो याच वाटेने.

पलूसच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या कडेला माझा शेवटचा तंबू होता. फेब्रुवारीचे दिवस, घड भरलेले. सकाळी वेलींखालच्या काळ्या नळीतून ठिबकचे पाणी सुरू झाले. एका तोटीतून तासाला चार लिटर. मोटेच्या एका खेपेचे दीडशे लिटर द्यायला या तोटीला सदतीस तासांहून अधिक लागतील. तीनशे वर्षांत कृष्णाकाठची बागायत एका थारोळ्यापासून या एका थेंबापर्यंत आली आहे. बाग नाहीशी झाली असे म्हणणे म्हणूनच पूर्ण खरे नाही. ती जागा बदलून, मालक बदलून, पीक बदलून चालूच आहे. नाहीशी झाली आहे ती तिची आठवण.

सांगलीची आमराई

सांगलीत तंबूची गरज नव्हती. एका मैत्रिणीकडे उतरले आणि दोन्ही सकाळी आमराईत गेले. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीला राजधानी केली. नदीकाठचे गणपती मंदिर आणि गणेशदुर्ग ही त्या घराण्याची ठळक कामे. संस्थानकाळापासूनची आमराई मात्र कोणाला दाखवायला नेण्याची जागा नाही. ती गावाची रोजची जागा आहे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. संस्थान गेले तरी आमराई राहिली, लोकांचे उद्यान म्हणून. पहाटे चालायला येणारी निवृत्त माणसे, बाकावर पेपर वाचणारे, क्लासला जाण्याआधी घुटमळणारी मुले. आंब्याशिवाय इतर झाडेच पुष्कळ. नाव मात्र आमराईच.

लिंबला दगड राहिला आणि बाग गेली. सांगलीला दाखवण्याजोगा दगड फारसा नाही, तरी बाग राहिली. फरक कशाने पडला? सांगलीत पाणी घालण्याची जबाबदारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, संस्थानाकडून नगरपालिकेकडे, खंड न पडता गेली, आणि गावाने रोज तिथे पाय ठेवला. लिंबला बैल सुटले तेव्हा विहिरीला वारस होते, पण पाटांना आणि पाळीला कोणी वारस उरला नाही.

काय जपायचे

आज लिंबची विहीर जपण्याबद्दल बोलले जाते तेव्हा कठडे, दिवे, फरशी, वाहनतळ यांची चर्चा होते. ती हवीच. पण वास्तूची हद्द कुठपर्यंत धरायची हा प्रश्न त्याआधीचा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा विहिरीची हद्द तिच्या कठड्यापाशी संपत नाही. तिचे पाणी जिथवर पोहोचत होते तिथवर ती जाते. ती हद्द आखायला कोणाची जमीन घ्यावी लागत नाही, ऊस काढावा लागत नाही. कागदावर आखली तरी पुष्कळ झाले.

हे काम अवघड नाही, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. कोणता बांध जुन्या पाटाचा, कोणत्या तुकड्याला पूर्वी काय नाव होते, धाव कोणत्या अंगाला होती, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोट प्रत्यक्ष हाकलेली ही शेवटची पिढी. शिवारातल्या मळ्यांची नावे सात-बाराच्या उताऱ्यात नसतात, ती बोलण्यात असतात आणि बोलणाऱ्याबरोबर जातात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी एकेका गावाची मोटेची विहीर घेऊन मुलांना पाठवले, तर दोन सुट्ट्यांत खूप काही लिहून होईल. विचारायचे प्रश्नही साधे आहेत. मोटा किती चालत? पाणी कोणत्या शेतापर्यंत जाई? पाळी किती दिवसांनी येई? नाडा कोण वळून देई, आणि त्याबद्दल त्याला काय मिळे? इंजिन कोणत्या साली आले?

वाचकांपैकी कोणाच्या घरी मोटेचे छायाचित्र, बागायतीच्या साऱ्याची जुनी पावती, विहिरीतल्या पाण्याच्या हिश्शाचा कागद किंवा माळ्यावर टाकलेले चाक असेल, तर ते रद्दीत आणि भंगारात देण्याआधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे, आणि ते जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवून घ्यावे. कागद, वस्तू आणि सांगणारा माणूस हे तिघे एकत्र असण्याचे दिवस थोडे उरले आहेत.